शिबिराला नव्हे, सहलीला

(धडगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला 'स्त्रिया आणि प्रवास' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी काही अभ्यासक नाही, शाळेत शिकवून निवृत्त झालेली शहाद्याकडची बाई आहे. मागच्या वर्षी होळीनंतर आम्ही सात जणी जीप घेऊन तुमच्या या डोंगरात तीन दिवस हिंडलो आणि रात्री तंबू ठोकून राहिलो. त्याचीच हकिकत सांगते.

आधी एक कबुली. घरातून निघताना मी खोटं बोलले. मुलाला, सुनेला सांगितलं, शिबिर आहे. साठी उलटलेली बाई मी, पेन्शन माझी, गुडघे माझे, आणि तरी खोटं! शहाद्याला डिझेल भरताना कळलं की सातांपैकी पाच जणींनी घरी हेच सांगितलंय. पोट धरून हसलो. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

आपल्या भागात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांनी दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. तेव्हापासून इथली बाई घराबाहेर रात्र काढायला शिकली, पण ती मोर्चासाठी, बैठकीसाठी, शिबिरासाठी. एरवी बाळंतपण, मयत, नाहीतर यात्रा. म्हणजे एकतर देवाचं काम, नाहीतर दुसऱ्याचं. नुसते डोंगर बघायला जाते, हे वाक्य आम्हा चळवळीतल्या बायकांच्याही तोंडून निघत नव्हतं.

पहिला मुक्काम तोरणमाळ. म्हसावद, राणीपूर करत घाट चढलो. जीप आमच्यातलीच एक चालवत होती. ती घरचा ट्रॅक्टर चालवते, त्यामुळे वळणांचं तिला काही वाटलं नाही, आम्हीच डोळे मिटत होतो. तोरणमाळला यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे, गोरखनाथाचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते आणि त्या गर्दीत बायका खुशाल उघड्यावर झोपतात. तेव्हा कोणी काही विचारत नाही. आम्हाला मात्र वाटेत एका विश्रामगृहावर विचारलं, "सोबत पुरुष कोण?" म्हटलं, कोणी नाही. "मग जबाबदारी कोण घेणार?" आमची ट्रॅक्टरवाली म्हणाली, "सात जणी आहोत, वाटून घेऊ." तरी खोली मिळाली नाही. बरंच झालं, तंबू होतेच.

पण पहिल्या रात्री झोप कोणालाच आली नाही, हेही सांगितलं पाहिजे. मी उशाशी बॅटरी आणि कोयता घेऊन पडले होते. बिबट्याची भीती नव्हती. मध्यरात्री एक मोटारसायकल रस्त्यावर थांबली, दिव्याचा झोत तंबूवर पडला, आणि थोड्या वेळाने ती निघून गेली. कोण होता, कशाला थांबला, कळलं नाही. त्या दोन मिनिटांत मला वाटलं, सून म्हणाली असती तेच खरं, या वयात हे काय थेर. लघवीला जायचं तरी आम्ही तिघी-तिघी मिळून जात होतो. तंबू विकणारा दुकानदार या गोष्टी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी परत खाली उतरलो, तळोद्याला गेलो आणि चांदसैली घाटाने धडगावकडे निघालो. पळस फुलला होता. एका वळणावर जीप थांबवली, डबे उघडले, फोटो काढले. तेवढ्यात एकीला आठवलं, आणि तिने हातातला फोन खाली ठेवला. सप्टेंबर २०२१ मध्ये याच घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला दवाखान्यात पोचवण्यासाठी नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाला. ती वाचली नाही. तुम्ही इथे बसलेल्या, तुम्हाला हे मी सांगायला नको. झोळीत घालून आणलेल्या बाळंतिणी तुमच्या घरातल्या आहेत. आम्हाला ज्या वळणावर देखावा दिसला, तिथे तुम्हाला दवाखाना अजून किती लांब आहे ते दिसतं.

मी अमेरिकेतल्या अशाच एका रस्त्याबद्दल वाचलं होतं. व्हर्जिनिया राज्यात शेनानडोह उद्यानातून डोंगरमाथ्यावरून १०५ मैलांचा 'स्कायलाईन ड्राईव्ह' जातो. १९३० च्या दशकात तो खास मोटारीतून देखावा बघत हिंडण्यासाठी बांधला. लोक तंबू घेऊन जातात, वळणावळणाला मुक्काम करतात. पण त्या उद्यानासाठी डोंगरातल्या शेकडो कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. आणि १९३९ साली तिथे काळ्या लोकांसाठी तंबूची जागा वेगळी काढली, लुईस माउंटन नावाची. वेगळं ठेवण्याची ती रीत मोडायला १९५० साल उजाडलं. त्याच काळात, १९३६ पासून, 'ग्रीन बुक' नावाचं पुस्तक निघत असे. काळ्या प्रवाशांना कुठे जेवण मिळेल, कुठे रात्र काढता येईल, याची त्यात यादी. मला वाटलं, आपल्या बायकांच्या मनातही अशी यादी असतेच, फक्त छापलेली नसते. आणि डोंगरातून उठवलेल्या माणसांचं म्हणाल, तर सरदार सरोवराच्या पाण्यात गावं गेलेल्या बाया याच मांडवात बसल्या आहेत.

आता शेवटच्या मुक्कामाचं. धडगावच्या अलीकडे एका पाड्यावर विचारून, शेताच्या कडेला तंबू लावले. त्या रात्री मात्र मेल्यासारख्या झोपलो. पहाटे अंधारातच बाहेर बोलणं ऐकू आलं. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. एकीने तंबूचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही तर कोपी." सगळ्या हसल्या. ती दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जाते, होळीला परत येते. चार-पाच महिने अशाच कोपीत राहते, पाचटाची नाहीतर प्लास्टिकची. तिथेच स्वयंपाक, तिथेच लेकरू, आणि पहाटे थंडीत फडात.

मग तिने विचारलं, "तुम्ही कशाच्या तोडीला आल्या?"

मी म्हटलं, कशाच्याच नाही. फिरायला आलो.

"काम नाही?"

"नाही."

तिला ते खरं वाटेना. आमच्याकडे तिने असं पाहिलं की मला थोडी लाज वाटली. आपण हक्काच्या गोष्टी करतो आणि हिच्याकडे बघत सुटी घालवतो, असं मनात आलं. बोलायला काही सुचेना, म्हणून आम्हीही टोपल्या मागून मोह वेचायला बसलो. आमचा वेग पाहून त्यांनी टोपल्या काढून घेतल्या! चहा मात्र आमच्या स्टोव्हवर झाला, सगळ्यांचा. ती तंबूत शिरली, आडवी झाली, चेन ओढून बंद केली आणि आतून म्हणाली, "अशी कोपी असेल आणि उठवायला मुकादम नसेल, तर मीपण येते."

निघताना तिने परत विचारलं, खरंच नेणार का आणि पैसे किती. आमच्याकडे उत्तर नव्हतं. जीप आणि डिझेल आम्ही सात भागांत वाटलं होतं आणि तिचा आठवा भाग मजुरीतून कसा निघणार, याचा हिशेब कोणी केलाच नव्हता. परत आल्यावर आम्ही भांडलो यावर. एक म्हणाली, फुकट नेलं तर ती आपली पाहुणी होईल, मैत्रीण नाही. दुसरी म्हणाली, वर्गणी सारखी ठेवली तर ती येणारच नाही. शेवटी ठरलं की पेन्शनवाल्यांनी डिझेल घालायचं आणि बाकीच्यांनी आपापला शिधा आणायचा. मुक्काम कुठे करायचा ते पाड्यावरच्या बाया ठरवतील, कारण पाणी कुठे आहे आणि रात्री कुठे थांबू नये हे त्यांना कळतं.

पुढच्या होळीनंतर जायचंय. या वेळी मुलाला, सुनेला खरं सांगितलंय. सून म्हणाली, एक जागा माझी ठेवा. तिची धरून पाच भरल्या, जीपमध्ये दोन शिल्लक आहेत. लहान मूल असेल तर आणा. नावं मांडवाच्या दाराशी बसलेल्या ट्रॅक्टरवालीकडे द्या.