कुंडीतला ॲश

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास जमलेल्या भगिनींपुढे केलेले भाषण)



आंब्याची डाळ आणि पन्हे झाल्यावर भाषण ऐकावयास लावणे ही एक शिक्षाच आहे, हे मी तुमच्यांत बसत असे तेव्हापासून जाणते. म्हणून लांबण लावीत नाही. इंग्लंडात मुलीकडे राहून तुम्ही दिवसभर करता तरी काय, असे चिटणीसबाईंनी मला विचारले. मी म्हटले, एक झाड लहान ठेवते. त्या म्हणाल्या, मग त्यावरच बोला.

झाडाचे नाव ॲश. इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ राख, त्यामुळे माझ्या नातवाला त्याची फार गंमत वाटते. आपल्या पुण्यात हे झाड तुम्ही पाहिलेले नसणार. पण कडुनिंबाचे पान डोळ्यांपुढे आणा. तसेच एका देठाला समोरासमोर नऊ, अकरा, कधी तेरा लहान पाने. हिवाळ्यात सगळे झाड उघडे होते आणि फांद्यांवर कोळशासारख्या काळ्या कळ्या तेवढ्या राहतात. लाकूड मोठे चिवट. कुदळीचे, हातोडीचे दांडे त्याचे करीत. क्रिकेटच्या यष्ट्याही त्याच्याच. तेव्हा घरांतल्या पुरुषमंडळींचा या झाडाशी परिचय आहे, फक्त त्यांना तो ठाऊक नाही!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक मोठा ॲश होता. त्याच्या पंखाच्या बिया घोसाने लोंबत आणि वाऱ्याने आमच्या पन्हळीत येऊन पडत. बी पडले की बहुधा पुरता दुसरा वसंत उजाडेपर्यंत ते उगवत नाही. असे एक रोप २००८ साली मला पन्हळीत सापडले. उपटून टाकवेना. बोन्साय हा जपानी शब्द मी ऐकला होता. उथळ कुंडीतले झाड, एवढाच त्याचा अर्थ. मी रोप उचलले आणि उथळ कुंडीत लावले. झाले बोन्साय!

पुढच्या फेब्रुवारीत लंडनकडे मोठे बर्फ पडले. रात्री मला झोप येईना. बाहेर ते एवढेसे रोप कुडकुडते आहे, असे मनात येई. उठले आणि कुंडी स्वयंपाकघरात, ऊब येते त्या भिंतीशी आणून ठेवली. तीन आठवड्यांत कोंब फुटले. मी मुलीला हाक मारून दाखविले, बघ, मायेने काय होते ते! कोंब लांबच लांब, फिकट, बटाट्याला अंधारात येतात तसे. मार्चमध्ये कुंडी बाहेर ठेवली, एक रात्र दहिवर गोठले, आणि सारे काळे पडले.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. ते म्हणाले, “बाई, त्याची झोपायची वेळ होती. तुम्ही त्याला उठवलेत.” मला फार लागले ते. मी चार मुलांना वाढविले, आणि एक रोप थंडीच्या भीतीने मारले.

दुसरे रोप त्यांनीच दिले, आणि ते कुंडीत लावू दिले नाही. खोड जाड व्हावयाचे ते जमिनीत. कुंडीत घातले की ते काडीच राहते. पाच वर्षे ते परसात होते. मग खोड गुडघ्याएवढे ठेवून वरचा सगळा भाग करवतीने कापावयाचा. माझ्याने होईना, कापले त्यांनी, मी आत जाऊन कणीक मळीत बसले. पुढल्या वसंतात, कळ्या फुटण्यापूर्वी, मुळांचा तिसरा हिस्सा छाटून ते कुंडीत आले. माती भरड, चाळलेली, पाणी न साचणारी.

ॲशची एक खोड म्हणजे कळ्या जोडीने येतात. दोन्ही राखल्या तर फांद्यांची बेचकीच बेचकी होते; म्हणून एक ठेवायची, एक खुडायची, कधी डावी, कधी उजवी. कोवळी फांदी वळवायला तार गुंडाळावी, पण तिच्यावर लक्ष हवे. मी एकदा भारतात आले असता तार राहून गेली आणि सालीत रुतली. तो वळ अजून दिसतो. पाने वीतभर लांब, लहान झाडाला शोभत नाहीत. झाड सशक्त असेल तर ऐन उन्हाळ्यात पाने खुडावी, दुसरी थोडी लहान येतात. अशक्त झाडावर हा प्रयोग करू नये.

गेल्या खेपेस आपल्या एक काकू मला म्हणाल्या होत्या, “अगं, वाढत्या झाडाला असे कोंडतेस, पाप नाही लागत?” तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरे सांगते, त्या प्रश्नाने मी पुष्कळदा कात्री खाली ठेवली आहे.

इकडे २०१२ साली इंग्लंडात ॲशवर रोग आल्याचे उघड झाले. मूळची पूर्व आशियातली ही बुरशी. पोलंडमध्ये झाडे त्यापूर्वी वीस वर्षे मरत होती. गळलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात तिच्या बारीक पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि वारा तिचा प्रसार करतो. रोपे आणि बी यांच्या ने-आणीवर त्याच वर्षी बंदी आली. शंभरांतली ऐंशी झाडे जातील असा अंदाज सांगतात; काही थोडी मात्र तग धरतात. गल्लीच्या तोंडचा मोठा ॲश २०२१ साली कापला. यंत्राचा आवाज दोन दिवस चालला होता. ज्याचे बी माझ्या पन्हळीत पडे, तो गेला. शेजारचे गृहस्थ त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या कुंडीतल्या उजव्या फांदीची पाने काळवंडून लोंबली. सालीवर तपकिरी डाग, दोन्ही टोकांना निमुळता. ती फांदी घडवावयास मला सहा वर्षे लागली होती. या खेपेस मी आत गेले नाही. डागाच्या खाली, निरोगी लाकूड दिसेपर्यंत, माझ्याच हाताने कापली. तेव्हापासून शरदात कुंडीभोवतीचे एक एक पान, एक एक देठ मी वेचून काढते.

हे झाड तिकडे सर्वांच्या मागून जागे होते. मी निघाले तेव्हा कळ्या मिटलेल्याच होत्या. काल रात्री मुलीचा फोन आला. मी विचारण्यापूर्वीच ती म्हणाली, “आई, डावीकडे फुटलंय. उजवीकडे, तू कापलंस तिथे, एक कळी फुगल्यासारखी वाटते, पण नक्की सांगता येत नाही.” मी तिला सांगितले, काही करू नकोस, आत तर मुळीच आणू नकोस.

ओट्या भरावयाच्या राहिल्या आहेत, अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहात आहेत.