घराचे छप्पर : पाखे आणि धाबे



'आपले घर' हा पाठ शिकविताना भिंती, दारे, खिडक्या यांची नावे सांगून होतात आणि छपराचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक घराच्या सर्व अंगांत त्या त्या प्रदेशाचे हवामान जर कोठे स्पष्ट लिहिलेले असेल, तर ते छपरावर होय.

रत्नागिरीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापुरास सहा-सातशे. एवढ्या एका गोष्टीने दोन्हीकडची घरे निराळी झाली. कोकणात पाणी छपरावर क्षणभरही थांबता कामा नये, म्हणून आढ्यापासून दोहों बाजूंस उतरते पाखे. कोठे घर दुपाखी, कोठे चौपाखी. वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते, कारण पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. पूर्वी गरिबाचे घर गवताने वा पेंढ्याने शाकारलेले असे. ऐपतदाराचे नळीच्या कौलांचे. ही कौले एकमेकांवर नुसती ठेवलेली असतात. वारा, मांजरे आणि माकडे ती सरकवितात, म्हणून मृगापूर्वी कौले चाळणे हे दरवर्षीचे काम. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबलेली, खाचेत खाच बसणारी ती चपटी कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली व कौले चाळण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला.

देशावर, विशेषतः सोलापूर आणि मराठवाडा या भागांत, धाब्याची घरे आढळतात. त्यांस माळवद असेही म्हणतात. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी पाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. काळी माती येथे उपयोगाची नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी माती मात्र दाबून बसते. पाणी पन्हळीतून निघून जाण्यापुरता किंचित उतार दिला की झाले. उन्हाळ्यात भर दुपारी अशा घरात शिरणाऱ्यास जो गारवा लागतो, त्याचे कारण उन्हाची आच त्या जाड थरातून आत पोहोचेपर्यंत रात्र होते, हे आहे. पत्र्याच्या छपराखाली वर्ग चालविणाऱ्या शिक्षकास यातील सुख निराळे सांगावयास नको! शिवाय धान्य वाळविणे, उन्हाळ्यात निजणे, हेही धाब्यावरच.

परंतु या उत्तम छपरात एक दोष हळूहळू साठत जातो. पाऊस येण्यापूर्वी गळती बुजविण्यासाठी दरवर्षी नवी माती पसरावी लागते. जुनी मात्र सहसा कोणी काढीत नाही. आजोबांनी घातलेला थर तसाच, त्यावर वडिलांचा, त्यावर मुलाचा. वर्गास येथे एक हिशेब घालावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे शंभर घनफूट. एका घनफुटाचे वजन सुमारे ४५ किलो धरले, तर डोक्यावर साडेचार हजार किलो. त्याच खोलीवरील मंगळुरी कौलांचे वजन चार-साडेचारशे किलोंच्या आसपास भरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील माणसे अशाच छपरांखाली झोपली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती ढासळल्या, वरचा भार खाली आला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. या भागात मोठा भूकंप होईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. घरे उन्हासाठी बांधलेली होती, धक्क्यासाठी नव्हती. भार जितका अधिक, तितका हादऱ्यातील आडवा हिसका अधिक, हे वरच्या इयत्तांतील मुलांस एका लहान मेजावर आधी रिकामा व मग विटा ठेवलेला खोका हलवून दाखविता येईल.

म्हणून धाबे पाडावेच असे नाही. नवा थर घालण्यापूर्वी जुनी माती खरवडून उतरवावी, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरके आधार ठोकावेत, आणि भिंत नव्याने रचावयाची झाल्यास तिच्या दोन्ही अंगांस धरून ठेवणारे आरपार लांब दगड मधून मधून घालावेत. गावात धाब्याची घरे असतील तेथे मुलांनी पालकांस विचारून आपल्या छपरावरील मातीची जाडी वहीत लिहून आणावी आणि वरील हिशेब स्वतःच्या घराचा करावा. छपरावर चढून मोजण्यास मात्र मुलांस पाठवू नये. ते काम मोठ्यांचे.