वाड्याचे वय



पुण्यातला एखादा जुना वाडा दाखवताना 'हा पेशवेकालीन' असे सहज सांगितले जाते आणि पुरावा म्हणून बोट जाते ते सुरूच्या खांबाकडे, महिरपीकडे, वरून लोंबणाऱ्या केळफुलांकडे. नक्षी डोळ्यांत भरते, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर. माझे म्हणणे असे की, घराचे वय ठरवताना त्याचा सर्वांत देखणा भाग हाच सर्वांत कच्चा साक्षीदार असतो. सुरूच्या खांबांची पद्धत अठराव्या शतकात इथे चांगली रुजली हे खरे. पण 1818 साली पेशवाई गेली म्हणून सुतारांनी काही पटाशी खाली ठेवली नाही. बापाकडून मुलाकडे आलेला घाट पुढेही सावकारांच्या आणि वकिलांच्या घरांत उतरत राहिला. शिवाय चांगले सागवान कोणी टाकून देत नाही. एका पडलेल्या वाड्याचे खांब दुसऱ्याच्या ओसरीत उभे राहतात. हल्ली तर ते शेतघरांत आणि हॉटेलांतही जातात. खांब दोनशे वर्षांचा आणि घर वीस वर्षांचे, असे त्यामुळे खुशाल होऊ शकते. तुळईच्या अंगावर रिकामी खाच दिसली, तिच्यात काहीच बसलेले नसले, तर ते लाकूड आधी कुठे तरी नांदून आलेले आहे, असे समजावे.

मग भरवसा ठेवायचा कशावर? पहिली गोष्ट अशी की, कोणतीही खूण घराचे जन्मसाल सांगत नाही. 'मी अमुक सालाच्या आधीची नाही' एवढेच ती सांगते. मंगळुरी कौल घ्या. बासेल मिशनने मंगळूरजवळ कौलांचा कारखाना काढला 1865 साली. तेव्हा मंगळुरी कौलांचे छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. पण इथे एक गंमत आहे. कौल उलटले की त्यावर कारखान्याच्या नावाबरोबर कधी 1865, कधी 1868 असा आकडा ठसलेला दिसतो आणि घरमालक हरखून जातात. तो आकडा तो-तो कारखाना स्थापन झाल्याचा असतो, कौल भाजल्याचा नव्हे; पुढची कित्येक वर्षे तोच छाप चालू राहिला. आणि समजा छपराचे साल बरोबर लागले, तरी ते छपराचे झाले, घराचे नाही. कौलाखाली डोके घालून पाहावे. मंगळुरी कौलाला सारख्या अंतरावर ठोकलेल्या करवती रिपा लागतात. रिपांखाली जवळजवळ लावलेले गोल वासे आणि बांबू बांधल्याच्या खुणा असतील, तर पूर्वी इथे गावठी नळीची कौले होती आणि घर छपराहून जुने आहे.

यातूनच मला महत्त्वाची वाटणारी कसोटी निघते. प्रत्येक खुणेपाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू बदलायची झाली तर घराचे किती मोडावे लागेल? कौले एका उन्हाळ्यात बदलतात. दाराची कडी बदलायला अर्धा तास पुरतो. रंगीत फरशी एखाद्या लग्नाच्या निमित्ताने बसते. त्या फरशीचा उपयोग तिच्यापुरताच. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी 1922 सालची, म्हणजे तिच्या फरशीवरून फार तर त्या खोलीची हौस कधीची ते कळेल. पण वरच्या मजल्याचा भार घेणारी, दोन्ही टोके भिंतीत गाडलेली तुळई बदलायची तर मजल्याला टेकू द्यावे लागतात, कडीपाट उचकटावा लागतो, भिंत फोडावी लागते. असे काम कोणी हौसेने करत नाही आणि केले तर त्याचे व्रण राहतात. म्हणून तिची साक्ष भारी. अशी तुळई लोखंडी असेल, तर तिच्या अंगावर कारखान्याचे नाव उठावात वाचायला मिळते. इंग्लंडातल्या डॉर्मन लाँगचे नाव असले, तर घराचा तो भाग 1870 च्या दशकाच्या अलीकडचा. टाटांचे असले तर 1912 च्या अलीकडचा, कारण त्यांच्या कारखान्यातून पोलाद निघू लागले तेच त्या साली. बोरघाटातून रेल्वे 1863 साली सुरू झाली; त्याआधी असले धूड बैलगाडीने घाट चढवून पुण्यात आणणे किती जिकिरीचे होते, हेही ध्यानात घ्यावे.

वाड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा पेलतो: दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया. मधली भिंत पुष्कळदा नुसती भर असते. ती पडली तरी सांगाडा उभा राहतो आणि नवी भिंत त्यात बसते. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती विरघळल्या. जिथे सांगाडे वाचले, तिथे नव्या विटा-सिमेंट भरून संसार पुन्हा सुरू झाले. अशा घरात खालच्या पातळ विटा आणि चुना एका काळातले, वरच्या जाड विटा आणि सिमेंट दुसऱ्या काळातले असतात. म्हणून भिंतीपेक्षा सांधा वाचावा. जोत्याच्या दगडांत वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसली, दोन्हीकडचे दगड एकमेकांत गुंतलेले नसले, तर एक भाग मागाहून जोडलेला आहे. कुठला आधीचा, हेही तिथेच कळते: ज्याचा कोपरा घडीव दगडांनी पुरा केलेला आहे, तो आधीचा.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कागद आहेत की. कागद जरूर पाहावेत, पण ते कशाबद्दल बोलतात तेही पाहावे. सनद जागेची असते. सिटी सर्व्हेचा उतारा नोंद सुरू झाली तिथून पुढचे सांगतो. खरेदीखतात 'घर' असते, पण ते हेच घर की याच जागेवरचे आधीचे, हे खत सांगत नाही. दुसरा आक्षेप विज्ञानाचा: लाकूड तपासून घ्या, संपले. कार्बन-चौदाची पद्धत हजारो वर्षांच्या हिशेबाला उत्तम. गेल्या साडेतीनशे वर्षांत मात्र तिचे उत्तर एकाऐवजी तीन-चार कालखंडांत विखुरते, आणि आपले वाडे नेमके त्याच काळातले. सागाला वर्षागणिक वलये पडतात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत त्यांचा अभ्यासही झाला आहे. पण वलयांवरून झाड कधी तोडले ते कळेल, घर कधी बांधले ते नाही. आणि जुने लाकूड पुन्हा वापरण्याच्या आपल्या सवयीपुढे हा फरक लहान नाही. तिसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. प्रत्येक खूण शंकास्पद ठरवली, तर शेवटी हाती काय राहते? हाती राहतो तो क्रम: जोते आधी, सांगाडा नंतर, मागचा सोपा त्याहून नंतर, छप्पर सर्वांत अलीकडचे. त्यातल्या दोन-तीन टप्प्यांना 'याआधीचा नाही' अशी मर्यादा मिळाली, तरी पुष्कळ झाले. उदाहरणार्थ, पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा हे सर्वांना ठाऊक आहे. पण 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि पुन्हा बांधला गेला. त्या भागाला पेशवेकालीन म्हणणे चूकच.

आज पेठांत वाडे पाडून इमारती उठत आहेत, ते थांबवणे बहुतेकांच्या हाती नाही. एवढे मात्र करता येईल. तुमचा वाडा पाडायला निघेल तेव्हा शेवटचा फोटो दर्शनी दरवाजाचा घेऊन थांबू नका. छप्पर उतरल्यावर वाशांचा, भिंत फोडल्यावर तुळईच्या टोकाचा आणि जोत्याच्या सांध्याचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो घ्या. गर्डरवरचे नाव लिहून ठेवा, एक वीट मापून ठेवा. राबिटाची गाडी येण्याआधी हे काम एका दुपारी होते.