माळ्यावरचा वेताळ

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आपले छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलायला सांगितलं तेव्हा संयोजकांना वाटलं की मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते हे खरं. पण गेली चौदा वर्षं शनिवार-रविवार मी जुनी कॉमिक्स गोळा करते, विकते आणि लोकांना त्यांच्या किमती सांगते, त्याबद्दल बोलणार आहे. समोर बसलेल्या काही सरांनी आणि बाईंनी आमच्या दप्तरातून जी कॉमिक्स जप्त केली होती, ती अजून शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात असतील, तर भाषणानंतर मला जरूर भेटा.

आपल्या पिढीने कॉमिक म्हटलं की इंद्रजाल. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने ते सुरू केलं आणि 1990 मध्ये बंद केलं, म्हणजे आपण पाचवी-सहावीत असताना. सुरुवातीला किंमत 60 पैसे. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीतही निघायचं. वेताळ, मॅन्ड्रेक, आणि 1976 पासून आबिद सुरतींचा बहादूर. वेताळाचं मूळ बंगाला आपल्याकडे डेंकाली झालं, सिंग नावाचे चाचे सिंगा झाले. सुरुवातीच्या अंकांत कॉमिकला सोळाच पानं असायची, त्यामुळे कथेच्या चौकटी कापल्या जायच्या. मुखपृष्ठं मात्र आपल्या गोविंद ब्राह्मणियांची, आणि माझ्या मते आतल्या परदेशी चित्रांपेक्षा कितीतरी वेळा सरस.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. याला किंमत का येते? जुनं आहे म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. अमेरिकेत सुपरमॅन पहिल्यांदा आला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, 1938 चा, दहा सेंटचा. 2024 मध्ये त्याची एक प्रत 60 लाख डॉलरना गेली. 1991 मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक आला, तो 80 लाखांहून जास्त खपला. पुढे सोनं होईल म्हणून लोकांनी पाच-पाच प्रती पिशवीत घालून ठेवल्या. आज त्याला फारसं कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांनीच जपला. 1938 चा अंक मुलांनी वाचून फाडला, आयांनी टाकला, युद्धाच्या काळात कागद रद्दीत गेला. मराठी इंद्रजालचं तसंच झालं. एक प्रत वाड्यातली दहा पोरं वाचायची, मग ती भाड्याच्या वाचनालयात जायची, शेवटी भेळेच्या पुड्याला. माझ्या अनुभवात इंग्रजी अंक मराठीपेक्षा सहज सापडतात. इंग्रजी घेणाऱ्या घरात बहुधा पुस्तकाचं कपाट असायचं.

परदेशात अंकाला दहापैकी गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. उघडलात की गुण गेले. म्हणजे वाचायचं पुस्तक वाचता येऊ नये म्हणून जास्त पैसे मोजायचे. धंदा म्हणून मला हे समजतं, पण माझ्या घरात अशी एकही पेटी नाही.

छापील अंकांपेक्षा वेगळी दुनिया मूळ चित्रांची. छापण्यासाठी चित्रकार मोठ्या जाड कागदावर काळ्या शाईने पान काढायचा. जवळून पाहिलं तर पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका दिसतात, चिकटवलेले संवादाचे तुकडे दिसतात, छपाईच्या फोटोत येत नाही अशी फिकट निळी पेन्सिल दिसते. प्लेट तयार झाली की छापखान्याच्या दृष्टीने त्या पानाचं काम संपलं. जॅक कर्बीसारख्या माणसाला स्वतः काढलेली पानं परत मिळवायला कंपनीशी भांडावं लागलं, आणि 1987 च्या सुमारास दहा हजारांहून जास्त पानांपैकी जेमतेम दोन हजार हाती आली. टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी हर्जेने 1936 मध्ये केलेलं एक मुखपृष्ठ छपाईला महाग पडेल म्हणून वापरलंच नाही. ते प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलं गेलं आणि त्याने घडी घालून खणात ठेवलं, असं सांगतात. 2021 मध्ये पॅरिसच्या लिलावात ते 30 लाख युरोंच्या वर गेलं. घड्या स्पष्ट दिसतात. जगात एकच असलेल्या वस्तूच्या घड्या कुणी मोजत नाही!

आपल्याकडे राम वाईरकर, प्रताप मुळीक ही मंडळी अमर चित्रकथेसाठी वर्षानुवर्षं राबली. वाईरकरांचा ‘कृष्ण’ न वाचलेला माणूस या मंडपात सापडणार नाही. अशा चित्रकारांच्या हातचं एखादं पान कुणाच्या घरात असेल, तर ते काय आहे हे घरच्यांना ठाऊक असलं पाहिजे. मुळीक तर पुण्याचे, म्हणून मुद्दाम सांगते.

आता ज्यासाठी बोलायला उभी राहिले ती गोष्ट. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची. ती इथेच बसली आहे, ‘सांग, पण नाव घेऊ नकोस’ म्हणाली आहे. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर होते. ते गेले, घर विकायचं ठरलं, आणि माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या. 338 इंद्रजाल, त्यातले 211 मराठी. एका व्यापाऱ्याने जागेवर साठ हजार देऊ केले. तिच्या भावाला ते पटलं होतं. तिने मला फोन केला, ‘अगं, एकदा येऊन बघ.’

मी दोन दिवस ट्रंकेजवळ बसून यादी केली. सवयीने तक्ता उघडला : अंक, भाषा, मुखपृष्ठ, पिना, फाटलेली पानं. शेवटी एक रकाना नव्याने घालावा लागला. काकांनी प्रत्येक अंकाच्या आतल्या पानावर निळ्या शाईने लिहिलं होतं : कराड स्टँड, तारीख. चिपळूण स्टँड, तारीख. वेंगुर्ला, सांगली, मिरज. जिथे गाडी थांबली तिथल्या स्टॉलवर अंक घेतला आणि नोंद केली. बारा वर्षं!

बाजाराच्या भाषेत हा दोष. पानावर लिहिलेलं असलं की किंमत उतरते, काही ग्राहक तर घेतच नाहीत. पण सगळे अंक क्रमाने लावले, तर कोणत्या महिन्यात मराठी अंक कोणत्या गावापर्यंत पोचत होता, किती उशिरा पोचत होता, हे दिसत होतं. कराडला आलेला अंक वेंगुर्ल्यात तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात याहून उशीर. अशी नोंद मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. आणि ती 211 अंक एकत्र असतील तोवरच. एकेक करून विकले की उरतो तो निळ्या शाईने खराब केलेला सुटा अंक.

पैसे मात्र सुटे विकण्यातच जास्त होते. हे मी दोघांना आकड्यांसकट सांगितलं. भाऊ म्हणाला, ‘ताई, आठवणींनी कर्ज फिटत नाही.’ ते खोटं नव्हतं. त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. दोन आठवड्यांत घर रिकामं करायचं होतं. एका संध्याकाळी तिघेही गप्प बसलो होतो, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘त्यांनी इंग्रजी कधी वाचली नाहीत. ती तुमच्यासाठी आणायचे, इंग्रजी सुधारावं म्हणून.’

मग तिथूनच वाटणी झाली. 127 इंग्रजी अंक मी आठ महिने एकेक करून विकले. मराठी संच पूर्ण तसाच एका संग्राहकाला दिला, सुटा करणार नाही या शब्दावर. कायद्याने त्या शब्दाला काही अर्थ नाही, हेही भावाला सांगितलं होतं. माझ्या हिशेबाने पन्नास हजार तरी कमी मिळाले. भाऊ अजून ते बोलून दाखवतो. त्याचा आकडा बरोबर आहे, आणि तरी पुन्हा विचारलं तर मी हाच सल्ला देईन. देण्यापूर्वी काकांच्या सगळ्या नोंदींचे फोटो काढून त्याची वही मैत्रिणीला बांधून दिली.

आता कामाचं थोडं. दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंक निघाली तर फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. कोकणात आणि मुंबईत पिना गंजतात, त्या ओढून काढू नका. कसर लागली असेल तर ते अंक आधी वेगळे करा. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून बाईंडरकडे नेऊन कापून घेऊ नका. आधीच बांधलेले खंड असतील तर ते उसवायच्या फंदात पडू नका. बांधल्यामुळे किंमत कमी झाली असेल, पण बांधले म्हणूनच ते इतकी वर्षं राहिले. आणि आत कुणी काही लिहिलं असेल तर खोडरबर हातात घेऊ नका.

विकायचं असेल तर मुखपृष्ठ, पहिलं पान, मागचं पान आणि मधल्या पिना असे चार फोटो मला पाठवा. किंमत सांगेन, फुकट. पण आपल्या शाळेतल्या कुणाकडूनही मी स्वतः विकत घेणार नाही, कारण किंमत सांगणारी आणि घेणारी एकच असली की भाव नेहमी कमीच निघतो. घेणारे शोधून देईन, तीन तरी. मग तुम्ही ठरवा.