विद्यादान आणि ‘सर्व हक्क स्वाधीन’

(पुण्यात शिक्षक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पुण्यात ज्ञानदानाविषयी बोलायचे तर ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्यापासूनच प्रारंभ करावा लागतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाने परक्या सरकारच्या तोंडाकडे न पाहता मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले आणि १९२० पासून दशकभरात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठी समाजाच्या हाती दिले. लेखणी विद्वानांची आणि द्रव्य समाजाचे, असा तो व्यवहार होता.

केतकर १९३७ साली निवर्तले. तत्कालीन कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे स्वामित्वहक्क टिकत असे. म्हणजे त्यांचे लेखन १९८७ अखेर मुक्त झाले. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ज्ञानकोश इंटरनेटवर आणला, हे उत्तमच झाले. परंतु तोवर त्यातील विज्ञानविषयक माहिती दोन पिढ्या मागे पडली होती. कुलूप उघडले, तेव्हा आतले धान्य जुने झाले होते! पुढे १९९२ मध्ये रवींद्रनाथांचे वाङ्मय मुक्त होण्याच्या सुमारास ही मुदत ६० वर्षांवर नेण्यात आली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या वाङ्मयावरील हक्काची मुदत त्यामुळे २०२६ अखेरची ठरते.

मग लेखक जिवंत असतानाच, त्याच्या स्वेच्छेने, ज्ञान मोकळे करता येणार नाही काय? येते. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने २००२ साली असे मुक्त परवाने प्रसिद्ध केले. यात लेखक स्वामित्व सोडत नाही. माझे नाव द्या आणि खुशाल छापा, भाषांतर करा, अशी अनुज्ञा तो आगाऊ देतो. सुधारित आवृत्तीही त्याच अटीवर खुली ठेवावी, असे बंधनही घालता येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशाच परवान्यावर चालतो. २०१३ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार उघडले, तेव्हाही हाच मार्ग स्वीकारला. दुसऱ्याचे पुस्तक न विचारता झेरॉक्स करणे ही मात्र चोरीच, हे पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावे.

लेखकाने मग खावे काय, असा रास्त प्रश्न येतो. केतकरांचे उत्तरायुष्य ओढगस्तीतच गेले. परवाना लेखकाचे पोट भरत नाही. मानधन समाजाने आधीच उभे केले पाहिजे. वर्गणीची परंपरा आपल्याला नवी नाही.

आता थोडे कटू बोलतो. विद्यादानाला आपण श्रेष्ठ दान म्हणतो आणि देणगीतून निघालेल्या आपल्याच स्मरणिकेवर, अभ्यासवर्गाच्या पुस्तिकेवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापतो. का, ते कुणालाच ठाऊक नसते. मागच्या अंकावर होते म्हणून! वनवासी पाड्यावरील शिक्षकाला त्यातील धडा स्थानिक बोलीत आणायचा असेल, तर त्याने परवानगीसाठी कुणाला पत्र लिहायचे?

पुढील पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एवढेच छापा : ‘नामनिर्देश करून कोणीही छापावे, भाषांतर करावे, सुधारावे, सुधारित आवृत्तीही याच अटीवर द्यावी.’ मात्र तत्पूर्वी लेखकांची लेखी संमती घ्या. आतील छायाचित्रे व कविता इतरांच्या असतील, तर त्या या परवान्यातून स्पष्टपणे वगळा.