‘रोथ’ : क्रोधाचा एक वृद्ध शब्द

इंग्रजी भाषेंत क्रोधवाचक शब्दांची वाण नाहीं. रोजच्या व्यवहारांत ‘अँग्री’ हा शब्द बहुतेक सर्व कामें करतो. घरांतील लहानमोठ्या कुरबुरींना इंग्लंडांत ‘क्रॉस’ हा शब्द पुरतो. आणि वर्तमानपत्रांना ‘आयरेट’ हा लॅटिन वळणाचा शब्द आवडतो. ह्या सर्व कर्त्या मंडळींच्या मागें, ओसरीच्या कोपऱ्यांत बसलेल्या आजोबांप्रमाणें, एक जुना शब्द बसलेला आहे. डब्ल्यू-आर-ओ-टी-एच असें त्याचें लेखन; पहिलें अक्षर मूक असल्यामुळें उच्चार ‘रोथ’ किंवा ‘रॉथ’. अर्थ ‘रागावलेला’. कोशकार त्याच्यापुढें ‘जुना’ असा शेरा मारून मोकळे होतात. परंतु इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्या घरानें त्याची थोडी विचारपूस करावी, इतकें संचित त्याच्यापाशीं खास आहे.

हें पहिलें मूक अक्षर प्राचीन इंग्रजींत मूक नव्हतें. लोक तें स्पष्टपणें उच्चारीत. त्या काळच्या भाषेंत पीळ घालणें, मुरडणें ह्या अर्थाचें एक क्रियापद होतें. वेदनेनें अंग पिळवटणें ह्या अर्थाचें आजचें ‘राइद’ हें क्रियापद म्हणजे त्याचेंच चालू रूप. फुलापानांचें गुंफलेलें वेढें दाखविणारा ‘रीथ’ आणि मनगट दाखविणारा ‘रिस्ट’ हे शब्दही त्याच कुळांतले. तिघांच्याही आरंभीं तें मूक अक्षर कुलचिन्हासारखें अद्याप टिकून आहे. ‘रोथ’ हा ह्यांचाच भाऊबंद. म्हणजे मुळांत ‘रोथ’ झालेला माणूस हा आरडाओरड करणारा नव्हे, तर ज्याच्या मनाला पीळ पडला आहे असा माणूस होय.

त्याची जागा बळकावणारा ‘अँग्री’ हा मूळचा इंग्लंडचा रहिवासी नाहीं. नवव्या शतकापासून जे उत्तरेकडील दर्यावर्दी लोक इंग्लंडांत वसाहत करून राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेंतून त्याचें मूळ आलें. आणि त्या भाषेंत त्याचा अर्थ राग असा नसून दुःख, मनस्ताप असा होता. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध अरुंदपणा, आवळणें, गुदमरणें ह्या अर्थांच्या धातूशीं जोडतात. जर्मनांचा भीतिवाचक ‘आंग्स्ट’, इंग्रजांचा यातनावाचक ‘अँग्विश’, इतकेंच नव्हे तर संकट व कोंडी दाखविणारा वैदिक ‘अंहस्’ हे सर्व त्याचे सगोत्र. दुःखानें छाती आवळली म्हणजे राग येतो, ही गोष्ट ह्या शब्दानें आपल्या पोटांत जपून ठेवली आहे. आपल्या मराठीनें ‘संताप’ ह्या शब्दांत रागाची आंच पाहिली आणि ‘राग’ ह्या शब्दांत त्याचा रंग पाहिला. इंग्रजीच्या दोन शब्दांपैकीं एकानें त्याची कोंडी पाहिली व दुसऱ्यानें त्याचा पीळ.

‘रोथ’ची खरी प्रतिष्ठा पाहावयाची तर इ. स. १६११ मध्यें प्रसिद्ध झालेलें इंग्रजी बायबल उघडावें. धाकट्या हाबेलाचें अर्पण मान्य झालें व आपलें झालें नाहीं, हें पाहून काइन ‘रोथ’ झाला आणि त्याचें तोंड उतरलें, असें उत्पत्तीच्या चवथ्या अध्यायांत सांगितलें आहे. पुढें त्याच्या हातून भावाचा खून झाला. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनीं आपल्याला फसविलें असें समजतांच हेरोद राजा ‘रोथ’ झाला, आणि बेथलेहेमांतील तान्ह्या मुलांवर संहार ओढवला. ह्या दोन्ही ठिकाणीं राग तोंडावाटे बाहेर पडून निवत नाहीं. तो आंतल्या आंत वळत राहतो आणि शेवटीं हातांत उतरतो. इ. स. १९५२ च्या सुधारलेल्या अमेरिकन भाषांतरांत काइनापुरता हा शब्द जाऊन तेथें ‘अँग्री’ आला. अर्थ सर्वांना सुबोध झाला, हें खरेंच. पण तो पीळ मात्र दिसेनासा झाला.

आतां प्रयोगाविषयीं दोन शब्द. हें विशेषण बहुधा क्रियापदानंतर येतें. ‘राजा रोथ झाला’ ह्या धर्तीची रचना रूढ आहे, ‘रोथ राजा’ अशी नाहीं. ‘वॅक्स’ म्हणजे वाढणें ह्या जुन्या क्रियापदाशीं त्याची विशेष जोडी जमलेली आहे. हें क्रियापद आज मुख्यतः शुक्लपक्षांतील चंद्रकलेसाठीं उरलें आहे. आधुनिक लेखक ही जोडी योजतो ती बहुतेक विनोदानें, क्षुल्लक कारणावरून तांडव करणाऱ्या गृहस्थाचें वर्णन करण्यासाठीं. म्हणून तक्रारीच्या अर्जांत किंवा व्यवहाराच्या पत्रांत हा शब्द घालणाऱ्या उमेदवाराचा राग कोणी मनावर घेणार नाहीं. वाचणारा गालांत हंसेल मात्र. ह्याचें नामरूप, ज्याला इंग्रज ‘रॉथ’ व अमेरिकन ‘रॅथ’ म्हणतात, तें मात्र अजून धडधाकट आहे. स्टाइनबेक ह्यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीच्या नांवांतच त्याला मानाचें स्थान दिलें.

त्याच जुन्या बायबलांत ह्या शब्दाची आणखी एक कथा आहे. सीरियाचा सेनापति नामान कुष्ठानें पीडलेला होता. तो रथ, घोडे घेऊन अलीशा ह्या संदेष्ट्याच्या दारीं आला. पण संदेष्टा स्वतः बाहेर न येतां त्यानें यार्देन नदींत सात वेळां स्नान कर, असा नुसता निरोप पाठविला. नामान ‘रोथ’ झाला. आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणून माघारी फिरला. तेव्हां त्याच्या नोकरांनीं जवळ जाऊन आर्जवानें विचारलें कीं, एखादें अवघड काम सांगितलें असतें तर आपण केलेंच असतें ना, मग एवढें सोपें कां करूं नये? तो वळला, नदींत उतरला आणि बरा झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, असें आपण म्हणतों, आणि काइनाच्या बाबतींत तें खरें ठरलें. नामानाचा पीळ मात्र, कांहींही न जळतां, चाकरांच्या चार मऊ शब्दांनीं उलगडला.