पाक, काच आणि लोणार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पाक करताना आपल्याकडे त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात. मग पाक साखरत नाही. असे का होते? साखरेचे कण शिस्तीत रांगेत बसले की दाणा धरतो. लिंबाच्या आंबटाने थोड्या साखरेची फोड होऊन दोन वेगळ्या साखरा तयार होतात आणि ते उपरे कण रांग लागू देत नाहीत.

काचेचेही असेच आहे. काच म्हणजे दाणा न धरता थिजलेला रस. नुसती शुद्ध वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. सोडा घातला की सुमारे १५०० अंशांत काम भागते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना हवा. चुना फार झाला तर रस दाणे धरतो, काच धुरकट होते. खिडकीच्या काचेत थोडा चुना कमी करून मॅग्नेशिया घालतात, तो लिंबाच्या थेंबांचे काम करतो.

आता आपल्या वऱ्हाडाचा काळा दगड घ्या. चिखलदऱ्याचे कडे काय किंवा अकोल्याकडचा नरनाळ्याचा डोंगर काय, हा सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बाटलीच्या काचेत वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, ७० टक्क्यांच्या वर असते. या दगडात निम्म्याच्या आसपास. लोह, चुना, मॅग्नेशिया मात्र भरपूर. त्यामुळे त्याचा रस पातळ, कण मोकळेपणी फिरतात आणि झटपट दाणा धरतात. जिथे रस एकदम थिजला तिथेच काय ती काच सापडते.

म्हणूनच शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले लोणार मोलाचे. तिथे गेलो की मला कुणीतरी विचारतेच, "सर, हे ज्वालामुखीचे तोंड कशावरून नाही?" उत्तर काचेत आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या या विवराच्या तळातून बोअर घेऊन काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. दगडातले फेल्डस्पार न वितळताच, केवळ प्रचंड दाबाच्या धक्क्याने तिचे रूप घेते. असा दाब ज्वालामुखीत नसतो, उल्कापातातच असतो. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा पुरावा मांडला.

त्या आघातात वितळून उडालेल्या रसाचे मिलिमीटरभर काचमणी विवराच्या काठावरच्या मातीत आहेत. उडताउडताच थिजल्याने त्यांना दाणा धरायला वेळच मिळाला नाही. २०२० मध्ये लोणार रामसर यादीत गेले, पाहुणे वाढले. माझी विनंती एवढीच, की आठवण म्हणून तिथला खडा खिशात टाकू नका. कुठला मणी कुठे पडला यावरून आघाताचा हिशेब मांडता येतो, आणि घरच्या कपाटात ठेवलेला खडा त्या हिशेबातून कायमचा गळतो.